रोज घासूनही दात का किडतात? दातांच्या निगेची नीट पद्धत, पहिल्यापासून

रोज न चुकता दात घासणाऱ्यांच्याही दाढा किडतात. कुठे किडतात ते पाहिलं, तर जागा ठरलेल्या असतात: दोन दाढांच्या मधली फट, दाढेच्या माथ्यावरच्या बारीक खाचा आणि हिरडीला लागून असलेली कडा. आरशात दिसणारा समोरचा गुळगुळीत भाग आपण सगळ्यात जोर लावून घासतो आणि नेमकी तिथेच कीड क्वचित लागते. कष्ट होतात, पण भलत्या जागी. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं ब्रश कुठे टेकवायचा याबद्दल आहे.

आधी एक छोटी तपासणी

सकाळी दात घासण्याआधी आरशासमोर उभे राहा. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या अगदी कडेला, नखाने हलकेच खरवडा. नखावर ओलसर, पांढरट-पिवळसर लगदा येईल. तोच प्लाक. त्यात अन्नाचे कण फार नसतात, जवळजवळ सगळे जिवाणूच असतात, एकमेकांना आणि दाताला चिकटून बसलेले. नुसती चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जिवाणू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) घसरतो. तो साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, खनिज विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते, आम्ल मवाळ करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा दाताला पुरवते. यात अर्धा ते एक तास जातो. रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने १९४०च्या दशकात हा चढ-उतार मोजून त्याचा आलेख मांडला आणि दंतवैद्यकाच्या वर्गात तो आजही शिकवला जातो.

म्हणजे दाताची झीज आणि भरपाई दिवसभर चालूच असते. झीज सतत वरचढ ठरली की आधी दातावर खडूसारखा फिकट पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर गाडी मागे फिरवता येते. एकदा खड्डा पडला की मग नाही. इनॅमल शरीरातला सर्वात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, पण त्यात जिवंत पेशी नाहीत. मोडलेलं हाड जुळून येतं, इनॅमलचा खड्डा आपणहून भरत नाही.

ब्रश आणि पेस्ट

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्यावा. ‘कडक ब्रशने दात स्वच्छ निघतात’ हा समज फार चिवट आहे. प्लाक मऊ असतो, त्याला कडक केसांची गरजच नसते. कडक ब्रश आणि आडवा जोर यांमुळे हिरडी हळूहळू मागे सरकते, मुळाचा भाग उघडा पडतो, आणि तिथे इनॅमल नसल्यामुळे गार पाण्याच्या घोटासरशी कळ जाते. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा. तुमच्या ब्रशचे केस महिन्याभरातच बाहेर फाकत असतील, तर दोष ब्रशचा नाही, हाताचा आहे.

इलेक्ट्रिक ब्रशने प्लाक थोडा जास्त निघतो हे खरं. ज्यांचा हात थरथरतो, बोटं आखडतात किंवा ज्यांना दुसऱ्याचे दात घासून द्यावे लागतात, त्यांना तो खरोखर उपयोगी आहे. मात्र तो साध्या ब्रशसारखा पुढे-मागे घासायचा नसतो. एकेका दातावर टेकवून दोन-तीन सेकंद धरायचा आणि पुढे सरकायचं.

पेस्टच्या वेष्टनावर काय काय लिहिलेलं असतं, ते सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट शोधा: फ्लोराइड आहे का आणि किती. मोठ्या माणसांसाठी १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हवं. फ्लोराइड दाताच्या खनिजात सामावलं जातं, निघून गेलेलं खनिज परत बसायला मदत करतं आणि नव्याने बसलेला भाग आम्लाला जास्त दाद देत नाही. फ्लोराइड नसलेली पेस्ट तोंड ताजं करेल, प्लाकही ब्रशमुळे निघेल, पण किडीपासूनचं हे संरक्षण तिच्यात नाही. पेस्टची चव, रंग, फेस हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. एक अपवाद: तुमच्या भागातल्या पाण्यातच फ्लोराइडचं प्रमाण जास्त असेल (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे), तर लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारून ठरवावं.

घासायचं कसं

ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीतली ती लांबलचक लाट पेस्ट लवकर संपावी म्हणून असावी, असं माझं मत आहे.

सुरुवात समोरून करू नका. पहिली तीस सेकंद आपण मन लावून घासतो, नंतर लक्ष घड्याळाकडे जातं. म्हणून ज्या जागा एरवी सुटतात तिथून सुरू करा: खालच्या दाढांची जिभेकडची बाजू. ब्रश मुठीत आवळून न धरता पेनासारखा बोटांत धरा. जोर आपोआप कमी होतो.

आता ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर टेकवा, हिरडीच्या दिशेने साधारण ४५ अंश तिरके. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. आणि तिथल्या तिथे ब्रश अगदी थोडा हलवा, जणू थरथरतोय इतकाच. केसांची टोकं सांध्यातल्या बारीक खोबणीत शिरली पाहिजेत, वरून घसरत जाता कामा नयेत. दहा-बारा वेळा असं झालं की मनगट वळवून केस हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढून घ्या. खालच्या दातांना खालून वर, वरच्या दातांना वरून खाली. एका वेळी दोन-तीन दात होतात. मग पुढचे दोन-तीन.

पुढच्या दातांची आतली बाजू अरुंद असते, तिथे ब्रश आडवा मावत नाही. तो उभा धरून टोकाच्या केसांनी एकेक दात घ्या. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे तिथे साचलेला प्लाक लाळेतल्या खनिजांनी फार लवकर कडक होतो आणि टार्टर बनतो. जीभ लावून पाहा, खरखरीत लागलं तर तेच. एकदा टार्टर बनला की घरच्या ब्रशने तो निघत नाही.

दुसरी हमखास सुटणारी जागा म्हणजे वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू. तिथे पोहोचायला आपण तोंड आणखी मोठं उघडतो आणि नेमकी वाट बंद होते, कारण जबड्याचं हाड पुढे येऊन जागा अडवतं. उलट करा. तोंड अर्धवट मिटा, खालचा जबडा त्याच बाजूला थोडा सरकवा. गाल सैल पडतो आणि ब्रश मागपर्यंत जातो. शेवटच्या दाढेच्या मागच्या भिंतीवरूनही ब्रशचं टोक वळवून आणायला विसरू नका. दाढांच्या माथ्यावर मात्र पुढे-मागे सरळ घासलं तरी चालतं, तिथे खाचा आहेत आणि हिरडी नाही.

तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला अर्धा मिनिट, असे दोन मिनिटं. एकदा घड्याळ लावून पाहा. दोन मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात.

झालं की थुंका आणि थांबा. पाण्याने खळाखळा चूळ भरायची नाही. फ्लोराइडला दातावर राहायला वेळ हवा, आणि आपण तो लावून लगेच धुऊन टाकतो. सुरुवातीला तोंडात पेस्टची चव रेंगाळते, ते काही दिवस चमत्कारिक वाटतं, मग सवय होते. याच कारणाने घासून झाल्याझाल्या माउथवॉश वापरू नये. बहुतेक माउथवॉशमध्ये पेस्टपेक्षा फ्लोराइड कमी असतं. वापरायचाच तर दुपारी वगैरे, वेगळ्या वेळी. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश तर औषध आहे. दंतवैद्याने सांगितलेल्या दिवसांपुरताच, नाहीतर दातांवर तपकिरी डाग चढतात आणि चव बिघडते.

दिवसातून दोनदा घासायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची ठेवा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसभर आम्ल धुऊन काढणारी यंत्रणा सुट्टीवर जाते, आणि दातांवर काही राहिलेलं असेल तर त्याला रात्रभर मोकळं रान मिळतं. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी न्याहारीआधी घासायचं की नंतर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त आंबट फळ, रस किंवा सोडा घेतल्यावर लगेच घासू नका. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश फिरवला तर ते झिजतं. साध्या पाण्याने तोंड खंगाळा आणि अर्धा-एक तास जाऊ द्या. उलटी झाल्यावरही हाच नियम.

जीभ रोज एकदा मागून पुढे साफ करावी, विशेषतः तोंडाला वास येत असेल तर. ओकारी येईपर्यंत मागे जायची गरज नाही.

दोन दातांच्या मध्ये

ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो पोहोचत नाही. हे काम रोज एकदा, शक्यतो रात्रीच्या ब्रशच्या आधी.

दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांसाठीचा बारीक दोरा. साधारण हातभर, ४५ सेंटीमीटर दोरा घ्या, बराचसा एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, थोडा दुसऱ्या हाताच्या. मध्ये दोन-तीन सेंटीमीटर ताणलेला ठेवा. दातांच्या सांध्यातून तो करवतीसारखा अलगद पुढे-मागे करत उतरवा. खटकन आत दाबला तर हिरडी कापते आणि लोक घाबरून फ्लॉस कायमचा सोडून देतात. आत गेल्यावर दोरा एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवा आणि हिरडीच्या किंचित खालून वर असा चार-पाच वेळा ओढा. मग त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला तसंच. बरेच जण दोरा नुसता आत घालून बाहेर काढतात. त्याने अडकलेला कण निघतो, दातांच्या भिंतीवरचा प्लाक जागेवरच राहतो.

फटी थोड्या मोकळ्या असतील, चाळिशीनंतर बहुतेकांच्या होतात, तर फ्लॉसपेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश चांगला. तो बाटली धुण्याच्या ब्रशचा अगदी छोटा भाऊ असतो. मापं वेगवेगळी मिळतात, आणि एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. फटीत जाताना किंचित अडला पाहिजे, पण दाबावा लागता कामा नये. त्याला पेस्ट लावायची गरज नाही. ब्रिज (शेजारच्या दातांना जोडून बसवलेला कृत्रिम दात) किंवा तारा असलेल्यांना तर याच्याशिवाय गत्यंतर नाही. टूथपिक, टाचणी, काडेपेटीची काडी मात्र नको.

पहिल्या आठवड्यात रक्त येईल. इथेच बहुतेक जण थांबतात. हिरडीतून रक्त येणं म्हणजे ती सुजलेली आहे, आणि सुजलेली आहे कारण तिथे प्लाक आहे. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या मंडळींना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त आलं तरी हलक्या हाताने चालू ठेवा. दोन आठवडे नीट साफ करूनही थांबलं नाही, तर आत टार्टर आहे किंवा दुसरं काही आहे, दाखवून घ्या. तंबाखू ओढणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यायची: तंबाखूमुळे हिरडीचं रक्त येणं दबतं. हिरडी आतून पोखरत असते आणि वरून काहीच कळत नाही.

खाण्याच्या वेळा

आम्ल मवाळ करायला लाळेला लागणारा, वर सांगितलेला अर्धा-एक तास आता आठवा. एका बैठकीत गोड पोटभर खाल्लं तर दातांवर एक आम्लहल्ला होतो. तेवढंच गोड तासातासाला तोंडात टाकलं तर लाळेला सावरायची उसंतच मिळत नाही. दातांच्या दृष्टीने किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. साखर घातलेला चहा-कॉफीचा कप समोर ठेवून दोन तास घोट घोट घेणं हे म्हणूनच फार वाईट. गोळी चघळत बसणं, गोड खोकल्याचं औषध झोपताना घेऊन तसंच झोपणं, हेही त्यातलंच. चिकट आणि पिठूळ पदार्थ, बिस्किटं, वेफर्स, दाढांच्या खाचांत बराच वेळ बसून राहतात. खारट आहेत म्हणून ते निरुपद्रवी असतात असं नाही.

गोड सोडा असं मी म्हणणार नाही. जेवणाबरोबर खा, मधल्या वेळात दातांना मोकळं सोडा. दोन खाण्यांमध्ये पाणी प्या. जेवणानंतर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तर लाळ सुटते, त्याचा फायदा होतो.

ज्यांचं तोंड सतत कोरडं पडतं त्यांना कीड झपाट्याने लागते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. औषध स्वतःहून बंद करू नका, पण दंतवैद्याला त्याची यादी जरूर दाखवा. मधुमेह असेल तर हिरड्यांचे आजार बळावतात आणि हिरड्या बिघडलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोन्ही एकमेकांना ओढतात.

लहान मुलं

पहिला दात दिसला की घासणं सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं घासणं मोठ्यांनी करून द्यावं. मूल मागून तुमच्या छातीला टेकून उभं राहिलं आणि मान थोडी वर केली, की आतलं सगळं दिसतं. समोरून घासायला गेलात तर नुसती झटापट होते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं टाळा.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ म्हणून कीड तशीच सोडणारे पालक खूप भेटतात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खाली येणाऱ्या दातांची जागा राखतात. त्या अकाली गेल्या की शेजारचे दात सरकतात. आणखी एक घोळ: साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. ही दाढ आयुष्यभर पुरवायची आहे. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचा सीलंटने (दातावर चिकटणाऱ्या पातळ लेपाने) बुजवून घेता येतात, बिनदुखीचं काम आहे.

पांढरेशुभ्र दात

निरोगी दात कागदासारखे पांढरे नसतात. इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या खालचं डेंटिन पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि पिवळेपणा जास्त दिसतो. चहा, कॉफी, तंबाखूचे वरचे डाग स्केलिंग-पॉलिशिंगने (दंतवैद्याकडून टार्टर खरवडून दात चकचकीत करून घेतल्याने) जातात. आतला रंग बदलायचा तर पेरॉक्साइडचं ब्लीचिंग दंतवैद्याकडून करून घ्यावं. जुनी फिलिंग आणि कॅप त्याने पांढरी होत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. कोळशाची पावडर, लिंबू आणि सोडा वगैरे घरगुती प्रकारांनी दात दोन दिवस चकचकीत दिसतात, कारण वरचं इनॅमलच खरवडलं जातं. पातळ झालेल्या इनॅमलखालून पुढे पिवळेपणा आणखी उठून दिसतो आणि वर दात आंबल्यासारखे शिवशिवतात. शिवशिवत असतील तर संवेदनशील दातांची पेस्ट बोटाने त्या जागी चोळून ठेवा. दोन-तीन आठवडे सलग वापरल्याशिवाय फरक कळत नाही.

दंतवैद्याकडे कधी

‘दर सहा महिन्यांनी’ हा नियम ठोकळेबाज आहे. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना मोठ्यांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मुभा देतात, ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार. तुमच्यासाठी किती, ते विचारून घ्या. मात्र दुखल्यावरच जायचं, हा हिशेब महागात पडतो. दोन दातांमधली कीड बराच काळ मुळीच दुखत नाही. दुखायला लागते तेव्हा ती दातातल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते, आणि जे काम साध्या फिलिंगमध्ये झालं असतं त्याला रूट कॅनाल लागतं.

स्केलिंगने दात हलायला लागतात, ही भीती निराधार आहे. टार्टरने भरलेल्या फटी मोकळ्या झाल्या की जीभेला त्या जाणवतात, सूज उतरल्यामुळे हिरडी थोडी मागे गेलेली दिसते. दात आधीच हलत असतील तर हिरडीच्या आजाराने आधाराचं हाड झिजल्यामुळे, टार्टर निघाल्याने नाही. गरोदरपणातही दातांचे उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. फक्त सांगून ठेवायचं.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडातला लाल किंवा पांढरा चट्टा, गाठ, तोंड कमी उघडणं: यांपैकी काहीही असेल तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा. चेहऱ्याला सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, असं एकत्र असेल तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. रात्री दाढ ठणकली तर नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी पाण्याबरोबर घ्या. ॲस्पिरिन कुटून हिरडीवर लावू नका, त्याने कातडी भाजते.

आणि अपघातात कायमचा दात मुळासकट निखळला तर: तो शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा थंड पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. माणूस शुद्धीवर असेल तर दात त्याच खोबणीत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमालावर चावून धरायला सांगा. बसवणं जमलं नाही तर थंड दुधात ठेवा, पाण्यात नको. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचलात तर दात वाचण्याची शक्यता चांगली असते. निखळलेला दात दुधाचा असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. पण मुलाला त्याच दिवशी दाखवून आणा.